फुटबॉल क्लबच्या अतिआनंदी साहेबांची पोस्ट कशी लिहावी

सोलापुरातून पुण्याला नोकरीला गेलेल्या कुठल्याही मित्राचं लिंक्डइन उघडा. ‘कळवण्यास अत्यंत आनंद होतो की’ ही सुरुवात, मग एकेका ओळीचा परिच्छेद, मधे एखादं अपयश, त्यातून मिळालेली शिकवण आणि शेवटी हॅशटॅगची माळ. हाच सूर इंग्लंडातल्या एखाद्या फुटबॉल क्लबच्या वरच्या मजल्यावरच्या साहेबांच्या तोंडी घातला की विडंबनाचा सांगाडा उभा राहतो. आत भरायला मात्र खऱ्या घटना लागतात, आणि बहुतेकांचं घोडं तिथंच अडतं.

पायरी १: मैदान सोडा, ऑफिसात शिरा

गोलकीपरच्या हातून चेंडू सुटला यावर पार्क चौकात चहा पिणारा कुणीही विनोद करतो. आपलं गिऱ्हाईक वेगळं आहे: खेळाडू विकत घेणारा, मॅनेजर (म्हणजे संघाचा मुख्य प्रशिक्षक) नेमणारा आणि थोड्याच दिवसांत त्याला नारळ देणारा साहेब. असा निर्णय शोधा जो नुसता सांगितला तरी समोरचा म्हणेल, ‘लका, खरंच?’

मँचेस्टर युनायटेडकडे असा माल भरपूर आहे. मॅनेजर एरिक टेन हागचा करार जुलै २०२४ मध्ये वाढवला आणि ऑक्टोबरात त्याला घरी पाठवलं. डॅन ॲशवर्थसाठी आधी काही महिने वाट पाहिली, जुलैत स्पोर्टिंग डायरेक्टर, म्हणजे खेळाडूंची खरेदी-विक्री बघणारा साहेब, म्हणून खुर्चीवर बसवलं आणि डिसेंबरात खुर्ची रिकामी.

पायरी २: तपशील जसाच्या तसा, सूर मात्र लग्नपत्रिकेचा

ही पायरी जमली की बाकीचं आपोआप जमतं. नमुना बघा. लंडनच्या टॉटनहॅम क्लबनं मे २०२५ मध्ये युरोपातल्या क्लबांची युरोपा लीग स्पर्धा जिंकली. १७ वर्षांत पहिला करंडक. त्याच हंगामात इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये २० संघांत ते १७वे आले. फायनलनंतर १६ दिवसांनी मॅनेजर अँज पोस्टेकोग्लूला काढलं. आता पोस्ट:

‘आज आम्ही एका महान माणसाला निरोप दिला.
१७ वर्षांनी त्यानं आम्हाला करंडक दिला.
आम्ही १६ दिवस चिंतन केलं.
मग लक्षात आलं, यश हा शेवट नसतो.
यश ही सुरुवात असते.
नोटीस पिरियडची.
नम्र. कृतज्ञ. भरती सुरू आहे.
#नेतृत्व #प्रवास #आम्हीएककुटुंब’

यात एकही शिवी नाही, ‘मूर्ख’ हा शब्द नाही, डोळा मारणारी इमोजीही नाही. साहेब मनापासून खूश आहेत आणि शेवटच्या ओळीपर्यंत खूशच राहतात. मधेच लेखकाला राहवलं नाही आणि ‘कसला हा कारभार!’ असं लिहून बसला, की पोस्टीचा फुगा फुटलाच. १६ दिवसही १६च ठेवा. जोरदार वाटावं म्हणून ‘दोन दिवसांत काढलं’ लिहिलंत, तर कमेंटमध्ये कुणीतरी हमखास सांगेल की ते लुई व्हान गालचं प्रकरण. २०१६ मध्ये एफए कप जिंकल्यावर दोन दिवसांत युनायटेडनं त्याला काढलं होतं. वास्तवच इतकं तिखट असताना वरून आणखी चटणी कशाला?

पायरी ३: हिशेबाची वही उघडा

साहेब लोकांचा खरा विनोद वहीत असतो, म्हणून थोडं गणित समजून घ्या. खेळाडूसाठी मोजलेली रक्कम क्लब करारातल्या वर्षांवर विभागून दाखवतो. आपल्याकडे यंत्रमाग घेतला की त्याचा घसारा वर्षावर्षाला टाकतात, तसंच. लंडनच्याच चेल्सी क्लबनं २०२३ च्या सुरुवातीला एन्झो फर्नांडिस या खेळाडूसाठी सुमारे १०.७ कोटी पौंड मोजले आणि करार केला साडेआठ वर्षांचा. म्हणजे वहीत दरसाल सव्वा कोटी पौंडांच्या आसपास. तीच रक्कम पाच वर्षांवर टाकली असती तर दरसाल दोन कोटींच्या वर गेली असती. मग युरोपातल्या फुटबॉलचा कारभार बघणाऱ्या युएफानं त्याच वर्षी नवीन करारांसाठी ही विभागणी पाच वर्षांपुरतीच मान्य करायचं ठरवलं. साहेबांच्या तोंडी ते असं येतं:

‘लोक विचारतात, साडेआठ वर्षांचा करार का?
मी विचारतो, नऊ का नाही?
नियम बदलले.
आम्ही बदलाला मिठी मारली.
पाच वर्षांची.’

त्या २०२२-२३ च्या हंगामात चेल्सी १२वी आली, हे पोस्टीत कुठंही लिहू नका. वाचणाऱ्याला माहीत असतं.

पायरी ४: गल्लीच्या टीमवर हात साफ करा

थेट लंडनवर लिहायला संकोच वाटत असेल तर आधी आपल्या टूर्नामेंटवर लिहा. जर्सीचे पैसे देणाऱ्या काकांचा पुतण्या राइट विंगला खेळवावा लागला? ‘दीर्घकालीन धोरणात्मक भागीदारी.’ अकरावा गडी आलाच नाही? ‘आमची रचना आता अधिक सुटसुटीत आहे.’ पाण्याची पाळी आली म्हणून निम्मी टीम हाफटाइमला घरी पळाली? ‘वर्क लाइफ बॅलन्स हीच आमची संस्कृती.’ पोरं ओळखीची असल्यानं कुठला वार लागला आणि कुठला हुकला ते लगेच कळतं.

एक पथ्य पाळा. २०२४ मध्ये युनायटेडनं सुमारे २५० नोकऱ्या कमी करायचं जाहीर केलं. त्यावर लिहायला हरकत नाही, पण टोला सही करणाऱ्याला बसावा, खोकं भरून घरी जाणाऱ्याला नाही.

पायरी ५: टाकताना

खऱ्या अधिकाऱ्याच्या नावानं अकाउंट काढू नका. लिंक्डइनवर खोटं प्रोफाइल चालत नाही, आणि खऱ्या माणसाच्या तोंडी वाक्यं घालणं हा विनोद उरत नाही. आपल्याच प्रोफाइलवरून लिहा, ‘उपाध्यक्ष, अपयश व आनंद विभाग’ असा काल्पनिक हुद्दा द्या, वर ‘विडंबन’ हा शब्द ठेवा. प्रीमियर लीगच्या सामन्यांची शनिवारची मोठी खेप आपल्याकडे रात्री साडेसात किंवा साडेआठला सुरू होते, थंडीत साडेआठला. ती संपल्यावर तासाभरात पोस्ट पडली पाहिजे. सोमवारपर्यंत थांबलात तर तोवर क्लबनं मॅनेजर बदललेला असतो.

एवढं करूनही कुणीतरी ‘काँग्रॅच्युलेशन्स सर, वेल डिझर्व्ड’ लिहितंच. हुद्द्याच्याच थाटात उत्तर द्या: ‘धन्यवाद. हे सगळं टीमचं श्रेय, जी आता आमच्यात नाही.’