बाटल्यांच्या कूलरचा नॉब सातवर नेऊ नका, आणि बाकीच्या नेहमीच्या चुका

एप्रिल लागला की सोलापुरात पारा बेचाळीसच्या घरात जातो आणि कोल्ड्रिंकच्या दुकानांतून एकच रड ऐकू येते: "कूलरचा नॉब सातवर ठेवलाय, तरी बाटली गार होईना." बऱ्याचदा सातवर ठेवलाय म्हणूनच ती होत नसते.

नॉबवरचे १ ते ७ आकडे म्हणजे अंश नव्हेत आणि वेगही नव्हे. नॉबमागचा थर्मोस्टॅट हा नुसता स्विच आहे. ठरलेला गारवा आला की कॉम्प्रेसर बंद, आतलं तापमान वाढलं की पुन्हा चालू. तीनवर असो की सातवर, कॉम्प्रेसर चालतो तेवढ्याच जोरात, फक्त सातवर तो कट व्हायला जास्त वेळ लागतो. आणि कट होणं गरजेचं असतं. साध्या कूलरमध्ये कॉम्प्रेसर बंद असताना आतला पंखा फिरत राहतो आणि तेवढ्या वेळात कॉइलवरचा, म्हणजे गारवा देणाऱ्या नळ्यांवरचा, हिमाचा पापुद्रा वितळून पाणी खालच्या ट्रेत उतरतं. कट झालाच नाही तर पापुद्र्याचा बर्फ होतो आणि हवा अडते. मग कॉइलजवळची पाण्याची बाटली गोठलेली आणि खालच्या कप्प्यातली कोमट.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीकडच्या एका दुकानात नेमकं हेच झालं. मालकाने नॉब सातवर फिरवला, तिसऱ्या दिवशी कॉइलवर बर्फाची लादी. मेकॅनिकने न बघताच "गॅस कमी" म्हणून गॅस भरला. दोन दिवसांनी पुन्हा तेच. मग कोणीतरी खालची जाळी काढली. कंडेन्सरवर, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागावर, कारखान्यांतल्या सुताच्या तुसाचा थर होता, बोटाने सोलून निघावा इतका जाड. चादरींच्या गावात कूलरनेही चादर पांघरली होती! आतली उष्णता बाहेर टाकायला वाटच नाही, त्यामुळे कॉम्प्रेसर रात्रंदिवस चालू आणि बर्फ वितळायला उसंत नाही. ब्रश मारला, दार उघडं ठेवून रात्रभर बर्फ वितळू दिला, जास्तीचा गॅस काढून वजनाने नीट भरला, नॉब चारवर आणला. एवढ्यावर काम भागलं.

गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. ती न शोधता नुसता गॅस भरणाऱ्याला परत बोलावू नये. किती ग्रॅम भरायचा ते कूलरच्या पाटीवर लिहिलेलं असतं, अंदाजाने भरायचा नसतो. पाटीवर आर-२९० असेल तर तो प्रोपेन आहे, पेट घेतो. तिथे हौशी माणसाने हात घालू नये.

कंडेन्सरची सफाई पंधरा दिवसांनी, यंत्रमागाजवळचं दुकान असेल तर दर आठवड्याला. आधी प्लग काढायचा. मऊ ब्रश कंडेन्सरच्या पात्यांच्या दिशेने, म्हणजे उभा फिरवायचा. आडवा फिरवला तर पाती वाकतात.

दुसरी चूक घाईची. सकाळी अकराला उन्हातून आलेले क्रेट कूलरमध्ये कोंबायचे आणि बाराला गिऱ्हाइकाला थंड द्यायचं. हिशोब करून बघा. शंभर लिटर माल ३८ अंशांवरून ४ वर आणायचा म्हणजे जवळपास चार युनिट उष्णता बाहेर काढायची. चारशे वॅटच्या दराने उष्णता खेचणाऱ्या कूलरला त्यासाठी दहा तास लागतात, तेही दार न उघडता. नॉब फिरवून यातलं एक मिनिटही कमी होत नाही. माल रात्री दुकान बंद करताना भरा आणि पंख्याची तोंडं मोकळी सोडा. वीज वाचवायला रात्री कूलर बंद करणाऱ्यांना मग सकाळी हाच हिशोब पुन्हा भोगावा लागतो.

डिजिटल कंट्रोलरवाले वेगळ्याच कारणाने घाबरतात. सेट ३ आणि डिफरन्स ३ असेल तर साधारणपणे कॉम्प्रेसर ३ वर थांबतो आणि ६ ला सुरू होतो. पडद्यावर ६ दिसलं म्हणजे बिघाड झाला असं नाही. तो आकडा हवेचा आहे, बाटलीचा नव्हे. खरं तापमान बघायचं तर मधल्या कप्प्यात पाण्याची बाटली रात्रभर ठेवा आणि सकाळी पहिल्यांदा दार उघडल्याबरोबर तिच्यात थर्मामीटर बुडवा. २ ते ५ अंश आले की हात लावू नका. नाही आले तर नॉब अर्धाच आकडा फिरवा आणि चोवीस तास थांबा. हे थांबणंच लोकांना जमत नाही.

दाराच्या रबरात कागद धरून ओढा. सहज निघाला तर रबर बदला.

मागे वीतभर जागा सोडा.

लाइट जाऊन आली की लगेच चालू करू नका, पाच मिनिटं थांबा. आतला दाब समान झाला नसेल तर कॉम्प्रेसर गुरगुरतो आणि ट्रिप होतो. उन्हाळ्यात व्होल्टेज पडत असेल तर स्टॅबिलायझर लावा.

आणि बर्फ स्क्रू ड्रायव्हरने टोकरू नका. कॉइलला एक भोक पडलं की सगळा गॅस गेला, आणि ती कॉइल बदलायचा खर्च ऐन मे महिन्यात खिशातून जातो.