आधी तासिका मोजा, मग विषय मांडा : विदर्भातल्या खेड्यातील माध्यमिक शाळेचा समतोल अभ्यासक्रम

नववी-दहावीला कोणते विषय शिकवायचे हे राज्य मंडळ ठरवते, पुस्तके बालभारतीची येतात. तरी एकाच तालुक्यातल्या दोन शाळांतली मुले फार वेगवेगळे शिकून बाहेर पडतात. एका शाळेत जलसुरक्षेच्या तासाला विहिरीची पातळी मोजली जाते. दुसऱ्या शाळेत त्याच तासाला गणिताचा जादा सराव चालतो आणि फेब्रुवारीत सगळ्यांच्या नावापुढे एकसारखी 'अ' श्रेणी लागते. हा फरक वेळापत्रकातून येतो. ज्या विषयाला ठरलेली तासिका, ठरलेला शिक्षक आणि महिन्याअखेर समोर ठेवता येईल असे मुलांचे काम आहे, तोच विषय त्या शाळेत खरोखर शिकवला जातो. खालची सगळी मांडणी या तीन गोष्टींवर उभी आहे.

दिवस आणि मिनिटे

कामाला एप्रिलमध्येच बसा. भिंतीवरचे कॅलेंडर घ्या आणि पुढच्या वर्षाचे शिकवण्याचे आठवडे मोजा. उन्हामुळे विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडते. दहावीचा अभ्यासक्रम जानेवारीअखेर पूर्ण व्हायला हवा, कारण त्यानंतर तोंडी, प्रात्यक्षिक आणि लेखी परीक्षा लागतात. म्हणजे वरवर तीस आठवडे दिसतात. त्यातून दिवाळीचे दोन, चाचण्या आणि प्रथम सत्राचे दोन, आणि पोळा, गणपती, दसरा, स्नेहसंमेलन यांत विखुरलेले दोन आठवडे वजा करा. हातात चोवीस उरतात. आठवड्याला सहा तासिका असलेला विषय वर्षात १४४ वेळा भेटतो आणि दोन तासिकांचा ४८ वेळा. घटक नियोजन याच आकड्यांवर करायचे. तीस आठवडे धरून केलेले नियोजन डिसेंबरात कोसळते, आणि तेव्हा पहिला घाव चित्रकला आणि खेळावर पडतो.

आता मिनिटे. आठवीपर्यंत शिक्षण हक्क कायदा लागू आहे आणि सहावी ते आठवीसाठी वर्षाला २२० दिवस व १००० तास अध्यापन हवे. सोमवार ते शुक्रवार आठ तासिका आणि शनिवारी पाच, अशा ४५ तासिका धरल्या आणि तासिका ३५ मिनिटांची ठेवली, तर आठवड्याला सव्वासव्वीस तास होतात. २२० दिवसांत ही बेरीज ९६३ तासांच्या आसपास थांबते. सोमवार ते शुक्रवार ४० मिनिटे आणि शनिवारी ३५ मिनिटे ठेवली, तर ती १०८० च्या वर जाते. मार्चनंतरच्या सकाळच्या शाळेत तासिका लहान होते, तो तोटाही यातून भरून निघतो. परिपाठ २० मिनिटे, छोटी सुट्टी १० आणि जेवणाची ३० धरली की शाळा साडेदहा ते चार पन्नास चालते. ही वेळ छापण्याआधी मानव विकासच्या, म्हणजे मानव विकास कार्यक्रमातून शाळेच्या मुलींसाठी धावणाऱ्या, बसची वेळ पाहा. बस साडेचारला सुटत असेल तर शेवटची तासिका बाहेरगावच्या मुलींसाठी नसतेच. बस आगारात वेळ बदलण्याचा अर्ज मे महिन्यात द्या. तोवर शेवटची तासिका एका विषयाची ठेवू नका, रोज विषय बदलता ठेवा.

पंचेचाळीस तासिकांची वाटणी

नववीसाठी आम्ही सुचवतो ती वाटणी अशी : मराठी ५, हिंदी ४, इंग्रजी ६, गणित ७, विज्ञान ७, इतिहास-राज्यशास्त्र ३, भूगोल ३. या झाल्या ३५. उरलेल्या दहांत आरोग्य व शारीरिक शिक्षण ३, चित्रकला-संगीतासह स्वविकास व कलारसास्वाद २, जलसुरक्षा २, कार्यानुभव २ आणि वाचनालय १. दहावीला विज्ञान ८ करा आणि ती एक तासिका कार्यानुभवातून घ्या. यापुढे कात्री लावू नका. दहावीच्या लेखी विषयांना आठवड्याला ३६ तासिका मिळतात, त्या पुरतात. निकाल कमी लागतो तो बहुतेक ठिकाणी पाचवी ते आठवीतले वाचन आणि अपूर्णांक कच्चे राहिल्यामुळे. खेळाचा तास कापून ती दरी भरत नाही.

आठवी, नववी, दहावी अशा एकेका तुकडीच्या शाळेत एकूण १३५ तासिका होतात. पाच शिक्षकांनी प्रत्येकी २६ घेतल्या तर १३० होतात, उरलेल्या पाच मुख्याध्यापकांच्या. संच मान्यतेत, म्हणजे शाळेला मिळणाऱ्या शिक्षकपदांच्या सरकारी मंजुरीत, कला किंवा क्रीडा शिक्षकाचे पद मिळाले नसेल, तर या विषयांची जबाबदारी जूनमध्येच नावाने द्या, आणि ज्याला ती दिली त्याच्या मुख्य विषयाच्या तासिका तेवढ्या कमी करा. 'सगळ्यांनी मिळून बघू' असे ठरले की कोणीच बघत नाही. गणिताच्या शिक्षकाकडे शारीरिक शिक्षण देऊ नका. परीक्षा जवळ आली की त्या तासाला तो फळ्याकडेच वळतो. भाषेच्या किंवा समाजशास्त्राच्या शिक्षकाकडे तो तास जास्त टिकतो.

शेतीचे वेळापत्रक बाजूला ठेवून मांडा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. गावातल्या हंगामाचा तक्ता काढा आणि त्याशेजारी गेल्या वर्षीचा हजेरीपट ठेवा. पश्चिमेकडे, यवतमाळ, अकोला, वाशीम, अमरावती भागात, सप्टेंबर अखेरीपासून सोयाबीनची सोंगणी आणि ऑक्टोबरपासून कापसाचा वेचा. पूर्वेकडे, भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरच्या धानपट्ट्यात, जुलै-ऑगस्टला रोवणी आणि दिवाळीच्या आगेमागे कापणी. जंगलालगत मार्च-एप्रिलला मोहफूल. मोह पहाटे गळतो आणि नेमकी तेव्हाच सकाळची शाळा भरते, म्हणून त्या दिवसांत पहिल्या तासिकेला नवा घटक घेऊ नका.

एखादा घटक आधीच्या घटकावर पाय ठेवून चढतो, एखादा स्वतंत्र उभा राहतो. दहावीच्या गणितात दोन चलांतील रेषीय समीकरणे आणि वर्गसमीकरणे ही शिडी आहे. तीन दिवस गैरहजर राहिलेले मूल पुढच्या पायरीला लटकते. अर्थनियोजन आणि सांख्यिकी बऱ्यापैकी स्वतंत्र आहेत. वेच्याच्या ऐन तीन-चार आठवड्यांत सांख्यिकी ठेवा, घरच्या वेच्याचे किलो हाच विदा (आकडेवारी) घ्या. मूल दोन दिवसांनी आले तरी त्याच्याकडे आकडे असतात. विज्ञानात रासायनिक अभिक्रिया व समीकरणे आणि धातुविज्ञान हजेरी भरपूर असताना घ्या. सामाजिक आरोग्य, आपत्ती व्यवस्थापन, अवकाश मोहिमा हे घटक विरळ हजेरीतही निभावतात. पुस्तकातला क्रम मोडायला हरकत नाही. मात्र चाचणीचा भाग कोणता, हे तिन्ही तुकड्यांच्या पालकांना जुलैतच लेखी कळवा.

मुलांना शेतातून ओढून आणण्याच्या नोटिसा काढून फारसे साधत नाही. सोंगणीच्या आठवड्यात घरी न्यायला एकेक पानाचे काम द्या आणि परतल्यावर दोन दिवस जोडीदाराबरोबर बसवा. यापलीकडे जे मूल सलग दहा दिवस दिसत नाही, त्याच्या घरी जायलाच हवे. तिथे शेतीपेक्षा वेगळे कारण निघते.

कार्यानुभव : जोडतासिका आणि तीन टेबले

एका तासिकेत अवजारे काढून लावेपर्यंत घंटा होते. नववीच्या दोन तासिका जोडून ८० मिनिटे करा. दहावीला एकच तासिका आहे, म्हणून ती जलसुरक्षेच्या एका तासिकेला लागून ठेवा आणि महिन्यातून एकदा दोन्ही एकत्र वापरा. ४५ मुलांची तुकडी पंधरा-पंधराच्या तीन गटांत करा : वीजजोडणी, बी-माती, आणि बांबू किंवा शिवण. आठ आठवड्यांनी गट फिरवा, चोवीस आठवड्यांत प्रत्येक मूल तिन्हीकडे जाते. मुलींना शिवण आणि मुलांना वीज अशी वाटणी करू नका.

विजेचे पहिले चार आठवडे लाकडी फळीवर, कोरड्या सेलवर आणि लहान बल्बवरच. घरगुती पुरवठ्याची जोडणी मुलांनी बंद बोर्डावर करायची, चालू करायची ती शिक्षकाने. बी-मातीच्या टेबलावर उगवणचाचणी एप्रिलमध्ये घ्या, कारण पेरणीआधी तिचा घरी उपयोग होतो. घरचे सोयाबीन १०० दाणे मोजून ओल्या गोणपाटात ओळीने ठेवा, गुंडाळी करा, सावलीत ठेवून रोज पाणी शिंपडा आणि सहा-सात दिवसांनी धडधाकट कोंब मोजा. ७० किंवा जास्त आले तर बियाणे पेरणीयोग्य. मोठे मोठे दाणे निवडून घेतले की निकाल फुगतो, म्हणून पोत्याच्या वर, मध्ये आणि तळाशी हात घालून नमुना काढायला शिकवा. बांबूसाठी गावातला बुरूड कारागीर आठवड्याला एकदा बोलवा. मानधनाचा ठराव शाळा समितीत आधी करून घ्या आणि वर्गात शिक्षक हजर असू द्या.

हातकामातून शिकवण्याचा हा विचार याच मातीत वाढला. १९३७ साली वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेतून नई तालीम, म्हणजे गांधीजींची हातकामावर आधारलेली शिक्षणपद्धती, पुढे आली. तिच्यात हस्तोद्योग आणि पुस्तकी विषय एकमेकांना जोडलेले होते. एवढा एक धागा आजही धरून ठेवा : टेबलावर मोजलेला प्रत्येक आकडा त्या आठवड्यात गणिताच्या किंवा विज्ञानाच्या वहीत उतरला पाहिजे.

जलसुरक्षा पुस्तकाबाहेर

पर्जन्यमापक ठेवताना जवळच्या भिंतीपासून तिच्या उंचीच्या दुप्पट अंतर सोडा. हवामान खाते सकाळी साडेआठला नोंद घेते, तीच वेळ ठेवा आणि शाळेजवळ राहणाऱ्या दोन मुलांकडे रविवारसह जबाबदारी द्या. एक मिलिमीटर पाऊस एका चौरस मीटरवर एक लीटर पडतो. २०० चौरस मीटर छपरावर १० मिलिमीटर पडला तर २००० लीटर, आणि गळती-बाष्पीभवन धरून हाती येईल ते साधारण १६००. हा हिशोब मुलांना एकदा कळला की टाकीचे माप ते स्वतः सांगतात.

विहिरीची पातळी महिन्याच्या १ आणि १५ तारखेला, कठड्यावरच्या एकाच खुणेपासून, मोटरपंप सुरू होण्याआधी घ्या. पंप चालल्यावर घेतलेली नोंद निरुपयोगी असते, आणि चूक बहुधा इथेच होते. कठडा नसलेली विहीर निवडू नका, दोरी मोठ्या माणसाने सोडावी. पूर्णेच्या काठच्या खारपाणपट्ट्यात, जिथे जमिनीखालचे पाणी खारे आहे, टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारे यंत्र, घ्या : पिण्याच्या पाण्याची इष्ट मर्यादा लीटरमागे ५०० मिलिग्रॅम, दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत. फ्लोराइड या मीटरला दिसत नाही, त्यासाठी नमुना ग्रामपंचायतीमार्फत प्रयोगशाळेत पाठवावा लागतो. पूर्व विदर्भात मामा तलावाचा, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावाचा, नकाशा काढा, पाट कुठून कुठे जातो आणि शेवटच्या वावरापर्यंत पाणी पोचते का ते विचारा. दहावीच्या भूगोलात क्षेत्रभेट आहेच, ती या कामाला जोडा. भेटीचे दिवस डिसेंबरआधी उरकावेत.

'आम्ही सगळ्या विषयांत जोडून शिकवतो' हे वाक्य मात्र सावधपणे घ्या. जोडणीला तारीख आणि वही नसेल तर तो विषय हळूच गायब होतो.

भाषा आणि कला

घरी वऱ्हाडी, झाडी, गोंडी, कोरकू किंवा कोलामी बोलणाऱ्या मुलाला प्रमाण मराठी ही नवीच भाषा असते. पहिले तीन आठवडे मराठीच्या तासाला रोज दहा मिनिटे घरच्या बोलीतली गोष्ट किंवा शब्द ऐका, फळ्यावर शेजारी प्रमाण रूप लिहा. बोलीला चूक म्हणणारा शिक्षक त्या मुलाचे बोलणे बंद करतो आणि मग इंग्रजीतही ते तोंड उघडत नाही. वाचनालयाच्या तासाला कपाट उघडे असावे. ५० पुस्तकांचा गट्ठा वर्गात आणा, महिन्याने बदला.

कलेसाठी झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यातल्या, गावांत नाटक आणि दंडार हा लोकनाट्यप्रकार जाणणारी माणसे गावातच असतात. दहावीच्या इतिहासात मनोरंजनाची माध्यमे हा पाठ आहे, त्या आठवड्यात त्यांना बोलवा. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षांची तयारी कला तासाच्या बाहेर ठेवा, नाहीतर चित्र चांगले येणारी आठ मुले रंगवतात आणि बाकीची खिडकीबाहेर बघतात.

उसनी तासिका

वर्षभरात वेळापत्रक बिघडतेच. निवडणुकीचे काम, प्रशिक्षण, ऑनलाइन माहिती भरणे, आजारपण. म्हणून एकच कडक नियम ठेवा : कला, खेळ, जलसुरक्षा, कार्यानुभव यांची तासिका दुसऱ्या विषयाने घेतली तर ती उसनी समजायची आणि त्याच आठवड्यात परत द्यायची. कर्मचारी कक्षात एक वही टांगा. डावीकडे घेणारा, उजवीकडे परतीची तारीख. शिक्षक रजेवर असला तर बदली शिक्षकाने त्याच विषयाचे काम द्यावे. त्यासाठी प्रत्येक विषयाची चार आठवड्यांची तयार कामे पाकिटात ठेवलेली असावीत.

महिन्याअखेर ठरलेल्या आणि झालेल्या तासिका मोजा. सलग दोन महिने एखादा विषय ऐंशी टक्क्यांखाली गेला, तर शिक्षकाला बोल लावण्याआधी तासिकेची जागा तपासा. सोमवारची पहिली तासिका परिपाठ खातो आणि शनिवारची शेवटची बाजार. श्रेणी विषयांच्या नोंदी त्याच बैठकीत, मुलांच्या वह्या समोर ठेवून भरा. पहिली बैठक ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी घ्या. तोवर आठ आठवडे झालेले असतात, आणि वाटणी बदलायची असेल तर दिवाळीआधी सत्राचे वेळापत्रक पुन्हा छापता येते.