जपानला निघण्याआधी घरी दाशी करून बघा

जपानमध्ये शाकाहारी माणसाची पंचाईत मांसामुळे कमी आणि दाशीमुळे जास्त होते. मांस ताटात दिसतं, बाजूला सारता येतं. दाशी दिसत नाही. कोंबू हे समुद्री शेवाळ आणि सुकवून, धुरी देऊन किसलेला बोनिटो मासा यांचं हे पातळ सार. मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा, घातलेलं सूप, उडोन आणि सोबा या नूडल्सचा रस्सा, उकडलेल्या भाज्या, सगळ्याच्या तळाशी तेच असतं. भाज्यांची भजी समजून तेंपुरा मागवला, तरी सोबतच्या वाटीतल्या पाण्यात मासा असतोच. तिथे वाटी बाजूला ठेवायची आणि ‘शिओ’, म्हणजे मीठ, मागायचं. तेंपुरा मिठासोबतही तितकाच छान लागतो.

नुसतं ‘व्हेजिटेरियन’ म्हटलं, तर बरेचदा वरचे मांसाचे तुकडे काढून तोच रस्सा समोर येतो. यात फसवणूक नाही. दाशीला ‘मासा खाणं’ असं तिथे कुणी धरतच नाही. म्हणून ही वाक्यं पाठ करा: ‘निकु तो साकाना वा ताबेमासेन’, मांस-मासे खात नाही. ‘कात्सुओ-दाशि मो दामे देसु’, बोनिटोची दाशीही चालत नाही. दूध-अंडी चालत असतील तर ‘तामागो तो ग्युन्यू वा दाइजोबु देसु’. हीच वाक्यं जपानी लिपीत मोबाइलवर ठेवा आणि बसायच्या आधी, दारातच दाखवा. लहान हॉटेलांत रश्शाचं भांडं सकाळीच चढतं. तुमच्यापुरतं वेगळं करता येत नाही, आणि बसल्यावर उठणं दोघांनाही जड जातं.

पाकिटावरच्या अ‍ॅलर्जीच्या तक्त्यावर विसंबू नका. अंडी, दूध, गहू, सोबा (म्हणजे कुट्टू), फल्लीदाणे, कोळंबी, खेकडा, अक्रोड हे लिहिणं सक्तीचं आहे. बोनिटो त्यात नाही. तक्ता कोरा असला तरी आत मासा असू शकतो. पूर्ण घटकयादीवर मोबाइलचा भाषांतराचा कॅमेरा धरा. ओनिगिरीत, म्हणजे भाताच्या त्रिकोणी मुटक्यात, उमेबोशी हे खारवलेलं आंबट फळ असेल तरी यादी वाचाच.

निर्धास्त जेवायचं असेल तर कोयासानला एक रात्र काढा. कूकाई या भिक्खूने इ.स. 816 मध्ये सुरू केलेलं हे डोंगरावरचं मठांचं गाव. ओसाकाच्या नांबा स्थानकातून नानकाई रेल्वेने गोकुराकुबाशी, तिथून केबल कार. मठातल्या जेवणाला शोजिन र्‍योरी म्हणतात: मांस-मासे नाहीत, कांदा-लसूणही नाही, दाशी कोंबू आणि शिताके अळंबीची. रात्रीचं जेवण साडेपाच-सहालाच मिळतं. उशिरा पोचलात तर उपास घडेल.

आता मुद्द्याची गोष्ट. सावजीच्या रश्शाला सरावलेल्या जिभेला पहिल्या घोटात दाशी म्हणजे गरम पाणीच वाटेल. चवीची ओळख घरूनच करून गेलेलं बरं. कोंबू ऑनलाइन मिळतो. एक लिटर पाण्याला 10 ग्रॅम पुरे. त्यावरची पांढरी भुकटी बुरशी नव्हे, धुऊ नका. ओल्या फडक्याने हलकेच पुसा. घरी बोअरचं पाणी असेल तर आरओचं वापरा, कारण जड पाण्यात कोंबूची चव नीट उतरत नाही. रात्रभर भिजवा, पण फ्रीजमध्ये. नागपूरच्या मे महिन्यात ओट्यावर ठेवलं तर सकाळी वास येईल.

मग मंद आचेवर चढवा. भांड्याच्या तळाशी आणि कोंबूच्या कडांना बारीक बुडबुडे चिकटलेले दिसले, की लगेच कोंबू बाहेर काढा. उकळी फुटू दिली तर पाणी बुळबुळीत आणि कडवट होतं. बहुतेकांचं इथेच बिघडतं. एका वाटीला, साधारण 160 मिली, एक टेबलचमचा मिसो, आणि तोही गॅस बंद केल्यावर, नाहीतर वास उडून जातो. जी चव जिभेच्या मागच्या बाजूला रेंगाळते ती उमामी. 1908 मध्ये किकुनाए इकेदा यांनी कोंबूच्या सारातूनच तिचं मूळ, ग्लुटामेट, शोधलं. कोंबूत आयोडीन भरपूर असतं, थायरॉइडची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारा.

जेवायच्या काड्यांचा, म्हणजे चॉपस्टिक्सचा, सराव भिजवलेल्या फल्लीदाण्यांवर करा. एचएमटीच्या सुट्या भातावर करू नका, उगाच हिंमत खचेल. तिकडचा भात चिकट असतो, घास आपोआप उचलला जातो. दोन चुका मात्र टाळा. भातात काड्या उभ्या खोचू नका, तो मृताला ठेवलेला नैवेद्य असतो. काडीतून काडीत घास देऊ नका, अंत्यविधीनंतर अस्थी तशा उचलतात. युकाता हा सुती किमोनो नेसतानाही हेच ध्यान: डावा पदर उजव्यावर. उलटा पदर प्रेताला नेसवतात, आणि फोटोत ते लगेच दिसतं.

ओन्सेनमध्ये, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्याच्या सार्वजनिक स्नानगृहात, आधी स्टुलावर बसून साबणाने स्वच्छ आंघोळ, मगच कुंडात, कपड्यांशिवाय. छोटा टॉवेल डोक्यावर, पाण्यात नाही. गोंदण असेल तर बरीच ठिकाणं आत घेत नाहीत, आधी विचारा.

शिंतो या जपानच्या मूळ धर्माच्या देवळात दोनदा वाकणं, दोन टाळ्या, पुन्हा एकदा वाकणं. बौद्ध मंदिरात टाळ्या नाहीत. कामठीच्या ड्रॅगन पॅलेसमध्ये राहता तसेच शांत हात जोडून उभे राहा.

इझाकायात, म्हणजे तिथल्या बारमध्ये, न मागता खाण्याची एक छोटी वाटी येते आणि बिलात तिचे साधारण 300 ते 500 येन लागतात. तिला ओतोशी म्हणतात, हुज्जत घालू नका. टीप मात्र कुठेच नाही, ठेवलीत तर वेटर पैसे परत द्यायला मागे धावत येईल.

सोबत तीळ-फल्लीची कोरडी चटणी न्या, भातावर उपयोगी पडते. ताजी संत्री, हिरव्या मिरच्या, कढीपत्ता बॅगेत टाकू नका: वनस्पती तपासणीच्या प्रमाणपत्राशिवाय ताजा माल विमानतळावरच काढून घेतात, आणि संत्र्यांना तर तिथे हमखास अडवतात.