खळ्यावरच्या पत्र्याचं पाणी पिण्याजोगं कसं करायचं

आमची वाडी राजापूर तालुक्यात, सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर. पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि शिमगा झाला की विहिरीचा तळ दिसायला लागतो. जांभा म्हणजे चाळण. वरून ओतलेलं सगळं खाली निघून जातं. मी अंगणवाडीत सेविका होते तेव्हा मे महिन्यात टँकरमागे कळशा घेऊन धावणाऱ्या बायांत मीही असायची. निवृत्त झाल्यावर ठरवलं, पिण्यापुरतं पाणी तरी आपल्या छपराचं.

आधी किती लागतं ते मोजा. आंघोळ, धुणी, गुरं यांचा हिशोब यात धरू नका, नाहीतर आकडा बघूनच हातपाय गळतील. प्यायला आणि रांधायला माणशी सहा लिटर पुरतात. आम्ही दोघं, म्हणजे दिवसाला १२. पाण्याच्या ओढीचे दिवस साधारण १२०. त्यातले २० दिवस मुंबईची सहा माणसं येतात, तेव्हा आठ जणांना दिवसाला ४८. गोळाबेरीज २१६० लिटर. मी पाच हजार लिटरची टाकी घेतली, कारण शेजारच्या जाऊबाईंची घागर आमच्याच नळाखाली येणार हे ठाऊक होतं.

आता छप्पर. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. खळ्यावरची आमची पत्र्याची शेड १० मीटर बाय ४, म्हणजे ४० चौरस मीटर. उडणारं, सांडणारं वजा जाता एक सेंटिमीटर पावसाला ३२० लिटर हाती लागतात. १६ सेंटिमीटर पावसात टाकी भरून वाहते, आणि पुनर्वसू-पुष्यात तेवढा पाऊस आमच्याकडे दोन-तीन दिवसांत होतो. हा हिशोब मी मुद्दाम सांगतेय. आपल्याकडे पाण्याचा तोटा पावसाळ्यात नसतोच, त्यामुळे घाण पाणी सोडून देताना हात आखडायचं काही कारण नाही. मी पहिल्या वर्षी आखडला. मृगाची पहिली सर आली, पन्हळीतून पिवळट पाणी धो धो आलं आणि मी हरखून तेच टाकीत घेतलं. वर्षभराची धूळ, चिमण्यांची शीट, फणसाचा कुजलेला पाला, उंदरांचं मुतणं, सगळं त्यात. आठवड्याभरात ह्यांना जुलाब लागले आणि तीन दिवस मी मीठ-साखरेचं पाणी पाजत बसले. उंदरांच्या मुतातून होणारा लेप्टोचा ताप आला नाही हे नशीब.

कौलांचं पाणी मी पिण्यासाठी घेत नाही. कौलांवर शेवाळ धरतं, सांध्यांत पाला अडकतो, वांदर वर्षातून चारदा कौलं फोडतात. पत्रा गुळगुळीत असतो आणि उन्हात तापून लवकर सुकतो. सिमेंटचे जुने, पापुद्रे निघालेले पत्रे असतील, किंवा कधीकाळी कसला तरी रंग फासलेला असेल, तर त्या छपराचं पाणी झाडांना घाला. शेडवर आलेली फणसाची फांदी मी तोडायला लावली. ह्यांनी दोन दिवस अबोला धरला, पण फांदी गेली.

मे अखेरीस शाकारणीला, म्हणजे छपराची डागडुजी करायला, गडी येतो, त्याच दिवशी पत्रा आणि पन्हळ झाडून धुऊन घ्यायची. पन्हळ म्हणजे सहा इंची पीव्हीसी पाइप उभा चिरलेला. मीटरमागे एक सेंटिमीटर उतार पुरे. पण एक गोष्ट प्लंबरला उभं राहून दाखवा: मुसळधार पावसात पागोळी सरळ खाली पडत नाही, पुढे उडी मारते. म्हणून पन्हळीची बाहेरची कड थोडी उंच हवी. आमची आधी सपाट होती, आणि नेमक्या मोठ्या पावसात निम्मं पाणी खळ्यात.

सगळ्यात महत्त्वाचं काम पहिलं पाणी सोडायचं. प्लंबर म्हणाला, “काकी, आभाळातनं येतंय पाणी, त्यात कसली घाण?” म्हटलं, “बाबा, येतं आभाळातनं, पण उतरतं पत्र्यावर.” दर सरीचा पहिला एक-दीड मिलिमीटर पत्रा धुण्यात जातो, म्हणजे आमच्या शेडचे ४० ते ६० लिटर. त्यासाठी खाली येणाऱ्या पाइपला टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, बसवून खाली ६० लिटरचं पिंप जोडलं. पहिलं पाणी पिंपात जातं. पिंप भरत आलं की त्यातला प्लॅस्टिकचा चेंडू वर येऊन तोंड बंद करतो आणि मग पाणी आडव्या पाइपने टाकीकडे वळतं. पिंपाच्या बुडाला बारीक भोक ठेवायचं, म्हणजे पाऊस थांबल्यावर ते आपोआप रिकामं होऊन पुढच्या सरीसाठी तयार होतं. भोक पाल्याने तुंबतं, म्हणून आठवड्याला काडी घालून बघायचं. हे पिंप भंगारातलं निळं असलं तरी चालेल, ते पाणी आपण पिणार नाही. पिण्याच्या टाकीला मात्र भंगारातलं पिंप अजिबात नको. त्यात आधी कुठलं रसायन होतं, कोण सांगणार?

वाळू-कोळशाचं गाळणं बसवा, असं सगळे सांगतात. मी बसवलं आणि काढलं. कोकणातल्या पावसाचा लोंढा वाळूतून उतरत नाही, वरून वाहून जातो. वाळू महिन्याला धुतली नाही तर तीच सडते. आणि त्या गाळण्याने कचरा अडतो, जंतू नाही. टाकीच्या तोंडावर बारीक स्टीलची जाळी लावली आणि पाणी निवळू दिलं की गाळ खाली बसतो.

टाकी काळी घ्या. पांढऱ्या टाकीतून उजेड आत गेला की हिरवं शेवाळ आलंच. चिऱ्यांच्या ओट्यावर, घराच्या उत्तरेला, सावलीत ठेवा. नळ बुडापासून वीतभर वर, म्हणजे गाळ येत नाही. झाकण घट्ट हवं. ओव्हरफ्लोच्या पाइपलाही जाळी, नाहीतर डेंगीचे डास नेमके अशाच स्वच्छ पाण्यात अंडी घालतात. विहिरीत लोक गप्पी मासे सोडतात, इथे ते नकोत. ओव्हरफ्लो विहिरीशेजारच्या खड्ड्यात सोडलाय.

मृग आणि आर्द्रा मी टाकीत घेतच नाही, पाइप बाहेर वळवून ठेवते. नंतर जे भरतं ते रोजच्या भांड्याधुण्याला वापरते. नारळी पौर्णिमेच्या सुमारास टाकी रिकामी करून आतून घासते आणि मग उन्हाळ्याचं पाणी भरते. पुढच्या सरींनी ती काठोकाठ होते. हत्तीच्या, म्हणजे हस्त नक्षत्राच्या, गडगडाटाची वाट बघत बसू नका, तो कधी पाठ फिरवतो.

भरल्यावर टीसीएल, म्हणजे जंतू मारणारी ब्लीचिंग पावडर. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे, म्हणजे गावचं पाणी तपासणाऱ्या माणसाकडे, ती मिळते. चांगली, ताजी पावडर असेल तर हजार लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे पाच हजारांना साडेबारा. एवढं घरच्या काट्यावर कळत नाही. मी प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून सोनाराच्या काट्यावर मोजून आणली. तो म्हणाला, “ताई, हे काय सोनं आहे?” नाकाला पदर लावून, प्लॅस्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात पावडर कालवायची, अर्धा तास ठेवायची आणि वरचं निवळ पाणी तेवढं टाकीत ओतायचं. खालचा चुना टाकून द्यायचा. तासाभराने जलसुरक्षकाकडून ओटी टेस्ट, म्हणजे क्लोरीनची तपासणी, करून घ्या. नळीतलं पाणी पिवळसर झालं तर क्लोरीन शिल्लक आहे. रंग आला नाही तर पावडर जुनी, दमट. पुन्हा थोडी घालायची. तपासलेलं पाणी प्यायचं नाही, ओतून द्यायचं.

हा क्लोरीन उन्हाळ्यापर्यंत टिकत नाही. म्हणून फेब्रुवारीत नळ उघडला की पहिली बादली अळवाला, आणि दुसऱ्या बादलीतलं पाणी तपासणीच्या छोट्या बाटलीत. ती ग्रामपंचायतीतच मिळते. बाटली उबेला, चुलीजवळच्या कोनाड्यात ठेवते. एक-दोन दिवसांत पाणी काळं पडलं तर त्यात मैल्याचे जंतू असल्याची शंका धरायची आणि पुन्हा टीसीएल घालायचं. काळं पडलं नाही तरी पिण्याचं पाणी मी रोज उकळतेच. खळखळून उकळी फुटल्यावर एक मिनिटभर तशीच ठेवायची, मग झाकून गार करायचं. माठात हात बुडवायचा नाही, लांब दांड्याचं ओगराळं ठेवायचं. मुंबईच्या नातवाला हे दोनदा सांगावं लागतं.

चव पहिले दोन दिवस पाणचट लागते, कारण त्यात क्षार नसतात. पण याच पाण्यात तूरडाळ अशी शिजते की जाऊबाई आता डाळीसाठी वेगळा तांब्या घेऊन येतात.

मेच्या शेवटी टाकीत वीतभर पाणी उरतं, नळाच्या खालचं. ते पिण्यासाठी उपसायचं नाही. त्यानेच टाकी घासून घ्यायची, कारण तोवर शाकारणीचा गडी आलेला असतो.