बामणोलीला बोट ओढून नेताना
साताऱ्याहून यवतेश्वर घाट चढून कासमार्गे बामणोलीला बोट न्यायची, तर आधी ट्रेलरच्या दांडीचा भार तपासा. बोट आणि ट्रेलर मिळून ७०० किलो असतील, तर गाडीच्या हुकवर साधारण ७० किलो यायला हवेत. घरातला वजनकाटा पुरतो. सपाट जागी ट्रेलरच्या चाकांना दगड लावा, काट्यावर लाकडी ठोकळा उभा करा आणि दांडीचं टोक हुकच्याच उंचीला त्यावर टेकवा. आकडा कमी आला तर उतारावर ट्रेलर डावी-उजवीकडे झोल खातो. मग बोटीतला पेट्रोलचा कॅन, नांगर पुढे सरकवा. फार जास्त आला तर गाडी मागून बसते आणि पुढच्या चाकांची पकड कमी होते. गाडीच्या पुस्तिकेतली ओढण्याची मर्यादा काही झालं तरी ओलांडू नका.

झोल सुरू झालाच तर ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा. जोरात ब्रेक नको.

काठावर पोचल्या पोचल्या ट्रेलर शिवसागर जलाशयात उतरवू नका. चाकाचा हब, म्हणजे मधला भाग, हाताला गरम लागतोय? मग अर्धा तास थांबा. गरम हब गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते, सीलमधून पाणी आत ओढलं जातं, ग्रीस पांढरट होतं आणि बेअरिंग गंजतं.