बजी पोपटाची पिसं गळणं थांबेना? आधी दिवे बघा
बेळगाव-खानापूरकडच्या पावसाळ्यात भरदिवसा अंधारून येतं, मग ट्यूबलाइट सकाळपासून रात्री ११ पर्यंत चालू. बजी किंवा लव्हबर्डचा पिंजरा त्याच हॉलमध्ये असेल, तर पिसं गळणं लांबण्याचं एक कारण तिथंच असू शकतं. पिसं कधी बदलायची हे पक्ष्याचं शरीर बरंचसं उजेडाच्या तासांवरून ठरवतं. म्हणून संध्याकाळी ७ लाच पिंजरा शांत, अंधाऱ्या खोलीत हलवा. १०-१२ तासांची सलग झोप मिळू द्या. घरच्यांची मालिका चुकत नाही, पक्ष्याची झोप चुकते!

पिसाचा सुमारे ९० टक्के भाग प्रथिनांचा, त्यामुळे नुसत्या राळ्यावर भागत नाही. उकडलेल्या अंड्याचा चिमूटभर चुरा, मोड आलेले मूग, शेवग्याचा पाला द्या. उरलेलं अंडं तासा-दोन तासांत काढून टाका.

अंघोळीला उथळ ताटलीत कोमट पाणी, तेही उघडीप असेल त्या दुपारीच. काट्यांसारखी नवी पिसं उपटू नका, त्यांत रक्त असतं.

टक्कल दिसलं, पक्षी फुगून बसला किंवा खाईना, तर थेट पशुवैद्याकडे न्या. पाण्यात टाकायची ‘पिसांची टॉनिकं’ मला पटत नाहीत. चव बदलली की पक्षी पाणीच टाळतो.