टर्मिनलचा वेग मोजताय? या चुका टाळा

एक भलीमोठी लॉग फाईल घ्यायची, 'टाइम' ही वेळ मोजणारी कमांड लावून ती 'कॅट' करायची, म्हणजे पडद्यावर ओतायची, दोन टर्मिनलचे (कमांड टाइप करायच्या खिडकीच्या प्रोग्रॅमचे) सेकंद शेजारी ठेवायचे आणि कमी आकडा ज्याचा तो वेगवान म्हणायचा. लिनक्सवर टर्मिनलची तुलना बहुतेक वेळा अशीच होते. त्या आकड्याला अर्थ आहे, पण फार छोट्या गोष्टीपुरता. दिवसभर टर्मिनलमध्ये काम करणाऱ्याच्या बोटांना जो वेग जाणवतो, तो त्यात जवळजवळ येतच नाही.

'कॅट' संपलं म्हणजे टर्मिनलचं काम झालं, असं समजणं

ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून जरा सविस्तर सांगतो. कॅट थेट खिडकीत काही लिहीत नाही. ते कर्नलमधल्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातल्या पीटीवायमध्ये लिहितं; पीटीवाय ही प्रोग्रॅम आणि टर्मिनल यांना जोडणारी नळी समजा. दुसऱ्या टोकाने टर्मिनल तो मजकूर वाचतं, त्यातले एस्केप कोड (रंग, कर्सरची जागा वगैरे सांगणाऱ्या खुणा) उलगडतं आणि मग अक्षरं काढतं. पीटीवायचा बफर, म्हणजे मजकूर तात्पुरता ठेवायची जागा, लहान असते. ती भरली की कॅटला थांबावं लागतं. म्हणजे 'टाइम' मोजतं ते एवढंच, की टर्मिनलने मजकूर किती भराभर उचलला. उचललेला मजकूर टर्मिनलच्या स्वतःच्या बफरमध्ये नुसता पडून असला, तरी कॅट मोकळं होतं आणि घड्याळ थांबतं.

अक्षरं काढण्याचा मामला आणखी वेगळा. ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची असते. तेवढ्यात हजारो ओळी येऊन गेल्या, तर चांगलं टर्मिनल अधल्यामधल्या ओळी काढतच नाही, आणि ते बरोबरच आहे. अलाक्रिटी या टर्मिनलच्या मंडळींनीच लिहिलेलं व्हीटीईबेंच हे साधन स्वतःबद्दल स्पष्ट सांगतं, की ते फक्त पीटीवाय वाचण्याचा वेग मोजतं. तरीही त्याचे आकडे 'सर्वांत वेगवान टर्मिनल' म्हणून फिरत राहतात.

यावर एक सोपा उपाय आहे. फाईल ओतून झाल्यावर टर्मिनललाच विचारा, की कर्सर कुठे आहे. 'प्रिंटएफ' या कमांडने एस्केप, डावा चौकोनी कंस, ६ आणि स्मॉल एन एवढा क्रम पाठवायचा. टर्मिनलचं उत्तर कॅपिटल आर या अक्षराने संपतं. बॅश या शेलच्या (कमांड समजून चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) 'रीड' कमांडला तोपर्यंत वाचायला लावायचं आणि 'टाइम' या सगळ्याला मिळून लावायचं. मजकूर आला त्याच क्रमाने टर्मिनल तो हाताळतं, त्यामुळे उत्तर आलं म्हणजे आधीचं सगळं खरोखर उलगडून झालं. शेवटची ओळ पडद्यावर उमटली, याची खात्री मात्र यानेही मिळत नाही.

हायपरफाइन जसंच्या तसं वापरणं

हायपरफाइन हे कमांडला लागणारा वेळ मोजणारं उत्तम साधन आहे, पण ते कमांडचं आउटपुट आपणहून नलमध्ये, म्हणजे फेकून टाकतं. म्हणजे तुमची फाईल टर्मिनलपर्यंत पोचतच नाही! सगळ्या टर्मिनलचे आकडे एकसारखे येत असतील आणि मोजणी चालू असताना पडद्यावर काहीच सरकत नसेल, तर हेच झालंय. आउटपुटचा पर्याय 'इनहेरिट' ठेवा. आणि फाईल आधी एकदा वाचून घ्या, नाहीतर पहिल्या फेरीत तुम्ही डिस्कचा वेग मोजाल.

लॅग न मोजताच निकाल देणं

की दाबल्यापासून अक्षर दिसेपर्यंत किती वेळ जातो, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचा निकाल अनेकदा उलटा लागतो. एक्सटर्म हे टर्मिनल जुनाट वाटतं, ढीगभर मजकूर ओतला की मागेही पडतं. पण टायपिंगच्या लॅगमध्ये ते भल्याभल्यांना भारी पडत आलंय. उलट किटी हे टर्मिनल डिफॉल्ट सेटिंगमध्ये मुद्दाम थोडं थांबतं: इनपुटसाठी ३ मिलिसेकंद आणि पुन्हा रंगवण्यासाठी १० मिलिसेकंद, म्हणजे सीपीयूवर ताण कमी येतो. हे आकडे बदलता येतात, म्हणून तुलना डिफॉल्टवर केली की बदलून केली, हे लिहून ठेवायलाच हवं.

लॅग मोजायला टायपोमीटर हा प्रोग्रॅम आहे, मात्र त्याच्या मोजणीत कीबोर्ड आणि मॉनिटर येत नाहीत. ते हवे असतील तर फोनचा २४० फ्रेमचा स्लो मोशन चालतो. तिथे एक फ्रेम साधारण ४.२ मिलिसेकंदांची. सेकंदाला १२५ वेळा तपासला जाणारा यूएसबी कीबोर्ड एकटाच ८ मिलिसेकंदांपर्यंत इकडेतिकडे करू शकतो. त्यामुळे दोन-चार की दाबून काढलेला निष्कर्ष टिकत नाही. भरपूर वेळा दाबा आणि मधलं मूल्य घ्या.

जुन्या तुलनांवर विसंबणं

'ग्नोम टर्मिनल मंद आहे' हे वाक्य अजूनही ऐकू येतं. २०२४ च्या मार्चमध्ये ग्नोम ४६ या डेस्कटॉपसोबत आलेल्या व्हीटीईमध्ये, म्हणजे ग्नोम टर्मिनल ज्यावर उभं आहे त्या लायब्ररीमध्ये, चित्र काढण्याची पद्धतच बदलली. आधी ते स्वतःच्या टायमरवर सेकंदाला सुमारे ४० वेळाच रंगवत होतं. आता मॉनिटरच्या तालावर रंगवतं. आवृत्तीचा नंबर नसलेली तुलना वाचूच नये, असं माझं ठाम मत आहे.

परिस्थिती सारखी न ठेवणं

रांगा-स्तंभ, फॉन्ट आणि स्क्रोलबॅक (वर सरकवून पाहता येणाऱ्या जुन्या ओळी) सारखे ठेवा. लॅपटॉप चार्जरला लावा. टीमक्समध्ये, म्हणजे एका खिडकीत अनेक सत्रं चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, मोजू नका. टीमक्स स्वतःच एक टर्मिनल आहे आणि तुम्ही बहुतांशी त्याचाच वेग मोजाल. व्हर्च्युअल मशीनमध्ये जीपीयूवाली (ग्राफिक्स चिपवर रंगवणारी) टर्मिनल अचानक रांगायला लागली, तर रेंडरर (चित्र रंगवणारा भाग) म्हणून एलएलव्हीएमपाइप आहे का पाहा. तसं असेल तर जीपीयूचं काम सीपीयूच ओढतोय.

खिडकी उघडल्यावर प्रॉम्प्ट (कमांड टाइप करायची खूण) यायला वेळ लागत असेल, तर आधी शेलकडे बघा. झेडशेल वापरत असाल, तर ते इंटरॅक्टिव्ह मोडमध्ये सुरू करून लगेच 'एक्झिट' करायला सांगा आणि तो वेळ मोजा. अर्धा सेकंद तिथेच जात असेल, तर टर्मिनल बदलून काही उपयोग नाही. प्लगिन कमी करा.

फक्त इंग्रजी मजकुरावर चाचणी

देवनागरी नीट दिसायला अक्षरांची जुळणी करावी लागते आणि त्याला वेळ लागतो. किटी त्यासाठी हार्फबझ ही लायब्ररी वापरतं, अलाक्रिटी ही जुळणी करतच नाही. तेव्हा दोघांचे आकडे शेजारी ठेवताना एक जण ते काम टाळतोय, हे ध्यानात असू द्या. तुमच्या लॉगमध्ये, कमिट मेसेजमध्ये किंवा डेटामध्ये मराठी येत असेल, तर मराठी मजकुराचीही एक फाईल चाचणीला घ्या. आधी 'क्ष' जोडलेला दिसतो का, 'कि'ची वेलांटी अक्षराच्या डावीकडे बसते का, कर्सर ओळीच्या शेवटी जागेवर येतो का, हे डोळ्यांनी तपासा, आणि मगच घड्याळ लावा.